वास्तवदर्शी चित्रकला आणि मराठी समाज : हुबेहूबपणाच्या मर्यादांचा इतिहास

१

मराठी कलाविचारात 'वास्तववाद' ही संज्ञा दोन भिन्न अर्थांनी वापरली जाते आणि या दोन अर्थांमधील अंतराची दखल क्वचितच घेतली जाते. पहिला अर्थ कौशल्याशी निगडित आहे. छायाप्रकाश, यथादर्शन, शरीररचना आणि पोत यांच्या साहाय्याने दृश्य वस्तू डोळ्यांना दिसते तशी चित्रफलकावर उतरवणे, हा तो अर्थ. दुसरा अर्थ आशयाशी निगडित आहे. समाजात प्रत्यक्ष जगले जाणारे, परंतु कलेच्या प्रतिष्ठित विषयांतून एरवी वगळले गेलेले जीवन कलेत आणणे, हा तो अर्थ. पहिल्यासाठी 'यथातथ्य चित्रण' आणि दुसऱ्यासाठी 'वास्तववाद' असे शब्द राखून ठेवले, तर गेल्या दीडशे वर्षांतील मराठी दृश्यसंस्कृतीचा इतिहास काहीसा वेगळा दिसू लागतो. यथातथ्य चित्रण मराठी समाजात लवकर रुजले आणि घराघरांत पोहोचले. वास्तववाद मात्र आधी कादंबरीत आला, मग मूकपटात आला, आणि चित्रात तो आला तेव्हा हुबेहूबपणाची साथ त्याने बरीचशी सोडून दिली होती. हे असे का घडले, आणि नागपूर-भंडारा मार्गावरील मौद्यासारख्या, कलादालन नसलेल्या गावापर्यंत या सगळ्यातले काय पोहोचले, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

या शोधात अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडते. त्याचे कारण असे की, अमेरिकन चित्रकारांनीही यथातथ्य चित्रणाचे तंत्र युरोपकडून उसने घेतले होते. फिलाडेल्फियाचा टॉमस ईकिन्स पॅरिसमध्ये जेरोमच्या हाताखाली शिकला आणि स्वदेशी परतला. तंत्र आयात केलेले असले तरी त्याने काय रंगवायचे, हे ज्या त्या समाजाला ठरवावे लागते. मराठी आणि अमेरिकन समाजांनी हे कसे ठरवले, याची तुलना करण्यासाठी १८९३ हे वर्ष विशेष सोयीचे आहे.

त्या वर्षी शिकागो येथे भरलेल्या विश्वप्रदर्शनात राजा रविवर्मा यांची दहा चित्रे मांडली गेली. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील व समाजांतील स्त्रिया हा त्या चित्रमालिकेचा विषय होता. चित्रांना पारितोषिके मिळाली. परंतु परीक्षकांनी जी प्रशंसा केली तिचा भर चेहरेपट्टी, वेशभूषा आणि सामाजिक चालीरीती यांच्या नोंदीवर, म्हणजेच मानववंशशास्त्रीय मूल्यावर होता. त्याच प्रदर्शनात ईकिन्सची 'द ग्रॉस क्लिनिक' आणि 'द अ‍ॅग्न्यू क्लिनिक' ही शस्त्रक्रियागृहाची दोन मोठी चित्रे होती. आणि त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या एका परिषदेत ईकिन्सचा कृष्णवर्णीय विद्यार्थी हेन्री ओसावा टॅनर याने अमेरिकेतील निग्रो आणि कला या विषयावर निबंध वाचला. त्याच वर्षी त्याने 'द बँजो लेसन' हे चित्र पूर्ण केले. बँजो वाजवणारा काळा माणूस हा तोपर्यंत अमेरिकन करमणुकीतील एक विनोदी साचा होता. टॅनरच्या चित्रात एक वृद्ध आपल्या मांडीशी उभ्या असलेल्या मुलाला वाद्य शिकवतो आहे; दोघेही आपल्या कामात इतके गढलेले आहेत की प्रेक्षकाकडे त्यांचे लक्षच नाही. तंत्राच्या दृष्टीने रविवर्मा, ईकिन्स आणि टॅनर एकाच युरोपीय कुळातले. मात्र चित्रातील व्यक्ती 'नमुना' म्हणून उभी आहे की 'माणूस' म्हणून, या प्रश्नापाशी त्यांचे मार्ग वेगळे होतात.

२

मुंबईत यथातथ्य चित्रणाचे शिक्षण संस्थात्मक रूपात सुरू झाले ते २ मार्च १८५७ रोजी, सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ मध्ये देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. या शाळेचा मूळ हेतू चित्रकार घडवण्याचा नव्हता. देशी कारागिरीला उत्तेजन मिळावे आणि रेखनकुशल माणसे तयार व्हावीत, अशी त्यामागची भूमिका होती. ग्रीक शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून विद्यार्थ्याने छटा उतरवाव्यात, हा अभ्यासाचा पाया. ज्या समाजात विद्यार्थी वाढला त्या समाजाकडे पाहण्याआधी त्याला दुसऱ्याच एका संस्कृतीने सुंदर ठरवलेल्या शरीराकडे पाहावयास शिकवले गेले.

१८६५ मध्ये आलेले जॉन ग्रिफिथ्स हे या शिक्षणाला अपवाद वाटावेत इतके येथील जीवनात रमले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतील एक. पुढे पेस्तनजींनी पारशी कुटुंबजीवनाची जी चित्रे रंगवली त्यांत ओळखीच्या घराची ऊब आहे. परंतु ती एका सुस्थित समाजाने स्वतःच्याच घरात टाकलेली नजर आहे.

याच वर्षांत शाळेच्या भिंतींबाहेर काय चालले होते? १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले. मराठी समाजाने स्वतःच्या वास्तवाकडे पाहताना अमेरिकन समाजाचा आरसा समोर धरल्याचे हे पहिले ठळक उदाहरण. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला. कर्जरोखे जाळले गेले. १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध झाला. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. जरीच्या पगड्या आणि अलंकार यांच्या त्या गर्दीत त्यांनी स्वतःच्या देहालाच एक चित्र बनवले, असे म्हणता येईल. राजपुत्राने हिंदुस्थानचे जे रूप पाहावे अशी यजमानांची इच्छा होती, त्यात नसलेला माणूस त्यांनी तेथे उभा केला. त्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. आणि संबंध नसणे हीच येथे नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या कामात हा दुरावा अधिक सूक्ष्मपणे दिसतो. १८९० मध्ये कोल्हापूरहून येऊन ते शाळेत दाखल झाले आणि १९३१ पर्यंत विद्यार्थी, शिक्षक व अधिकारी म्हणून तेथेच राहिले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे १९४० चे आत्मकथन या शिक्षणव्यवस्थेचा मराठीतील सर्वांत तपशीलवार दस्तऐवज आहे. धुरंधरांचा हात विलक्षण होता आणि मुंबईच्या रस्त्यावरील गर्दीविषयी त्यांना खरे कुतूहल होते. ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील १९२० च्या पुस्तकासाठी त्यांनी काढलेली चित्रे किंवा शतकारंभीची त्यांची टपालपत्रे पाहिली की निरनिराळ्या जातींची व व्यवसायांची माणसे ओळीने समोर येतात. लुगड्याचा काठ, नाकातील दागिना, डोक्यावरील ओझ्याचा तोल, सारे अचूक. पण या माणसांना नावे नाहीत. त्यांना आहे तो वर्ग: अमुक जातीची स्त्री, तमुक धंद्याचा पुरुष. शिकागोच्या परीक्षकांनी रविवर्म्यांच्या चित्रांत जे मूल्य पाहिले, त्याच मूल्यासाठी हे चित्रण झाले होते. साम्राज्याला आपली प्रजा वर्गीकृत स्वरूपात पाहावयाची होती आणि यथातथ्य चित्रण हे त्या वर्गीकरणाचे उत्तम साधन होते. येथे दोष चित्रकाराच्या हाताला देता येत नाही. ज्या बाजारात चित्र विकले जाई त्या बाजाराची ती मागणी होती.

३

रविवर्म्यांचा प्रभाव याहून वेगळ्या वाटेने मराठी समाजात शिरला. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना उभारला. प्लेगच्या काळात तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती यांच्या रंगीत छापील प्रती या छापखान्यातून देशभर गेल्या. मराठी प्रेक्षकाला या चित्रांत एक खास ओळख सापडली. अनेक पौराणिक नायिका मराठी पद्धतीचे नऊवारी लुगडे नेसल्या होत्या. 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग १८८० मध्ये झाल्यापासून रंगभूमीवर जे पुराण गात होते, ते आता भिंतीवर येऊन बसले.

या चित्रांना केवळ 'पाश्चात्त्य तंत्रातील पौराणिक चित्रे' म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही. त्यांनी एक महत्त्वाचा सामाजिक व्यवहार घडवून आणला. देवळाच्या गाभाऱ्यात ज्यांना प्रवेश नव्हता त्यांच्याही घरी देवी आली, आणि ती हाडामांसाची होऊन आली. यथातथ्य चित्रणाचा खरा पराक्रम येथे दिसतो. जे कधीच कोणी पाहिले नाही ते डोळ्यांना पटवून देण्याचे सामर्थ्य त्यात आहे. पण या सामर्थ्याची दुसरी बाजूही आहे. त्याच सुमारास, १८९० पासून, हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती. यमूचे वैधव्य आणि तिचे सक्तीचे केशवपन मराठी वाचकाने त्या पानांत वाचले. ज्या घरात 'करमणूक'चा अंक येई त्याच घराच्या भिंतीवर काही वर्षांत रविवर्म्यांची लक्ष्मी लागली. भरल्या केसांची, अलंकारांनी नटलेली देवी भिंतीवर आणि आलवण नेसलेली विधवा माजघराच्या अंधारात, असे हे घर होते. कादंबरीने माजघरात दिवा नेला. छापील चित्राने दिवाणखाना उजळला. तंत्रदृष्ट्या वास्तवदर्शी ठरणारे चित्र आणि खऱ्या अर्थाने वास्तववादी असलेली कादंबरी एकाच दशकात, एकाच वर्गासाठी निर्माण होत होती, आणि त्या दोघींची भेट होत नव्हती.

भेट न होण्याची कारणे आश्रयव्यवस्थेत शोधावी लागतात. कादंबरीकाराचा आश्रयदाता वर्गणीदार वाचक होता. तो सुधारणेच्या वादात स्वतः गुंतलेला होता आणि अस्वस्थ होण्यासाठीच काही वेळा वाचत होता. तैलचित्राचा आश्रयदाता संस्थानिक, उच्चपदस्थ इंग्रज किंवा धनिक व्यापारी होता. बडोदे, कोल्हापूर, औंध ही दरबारांची नावे या इतिहासात पुनःपुन्हा येतात. छापील चित्राचा ग्राहक ते पूजेसाठी वा शोभेसाठी घेई. रडवणारे पुस्तक वाचून कपाटात ठेवता येते. भिंतीवरचे चित्र रोज समोर असते, आणि रोज समोर काय असावे याविषयी मनुष्य अधिक सावध असतो.

४

अमेरिकेत हे सारे आपोआप घडले, असा समज मात्र करून घेऊ नये. ईकिन्सचे 'द ग्रॉस क्लिनिक' हे १८७५ चे चित्र. भर वर्गात शस्त्रक्रिया थांबवून बोलणारा सर्जन, त्याच्या बोटांवरचे रक्त, तोंड झाकून घेणारी स्त्री. दुसऱ्या वर्षी फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या शताब्दीचे प्रदर्शन भरले तेव्हा कलाविभागाने हे चित्र नाकारले आणि ते लष्करी रुग्णालयाच्या दालनात लावावे लागले. १८८६ मध्ये, स्त्रियांच्या वर्गात पुरुष प्रतिमानाचे उरलेसुरले वस्त्र काढल्याच्या वादातून, ईकिन्सला आपल्या अध्यापनाच्या पदावरून जावे लागले. टॅनरने तर १८९१ मध्येच वर्णद्वेषाला कंटाळून पॅरिसचा रस्ता धरला होता आणि पुढे आयुष्य तेथेच काढले. फुल्यांनी ज्या समाजातील सज्जनांना पुस्तक अर्पण केले, त्या समाजात गुलामगिरी संपल्यानंतरही काळ्या चित्रकाराला घर मिळाले नाही.

असे असूनही अमेरिकेत वास्तववादाचा एक प्रवाह टिकून राहिला. याचे श्रेय त्याला मिळालेल्या नव्या आधारांना द्यावे लागेल. पहिला आधार वृत्तपत्राचा. १९०८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एकत्र प्रदर्शन भरवणाऱ्या आठ चित्रकारांपैकी जॉन स्लोनसारखे कित्येक जण वृत्तपत्रांसाठी चित्रे काढून वाढलेले होते. आग, अपघात, संप यांची चित्रे घाईने काढता काढता त्यांच्या हाताला शहराची गल्ली ओळखीची झाली. दुसरा आधार शासनाचा. महामंदीच्या काळात, १९३५ ते १९४३ या वर्षांत, संघराज्य सरकारच्या कलाप्रकल्पाने हजारो चित्रकारांना वेतन दिले आणि रुग्णालये, शाळा व इतर सार्वजनिक इमारती त्यांच्या भित्तिचित्रांसाठी खुल्या केल्या. चित्राचा ग्राहक बदलला की चित्रातला माणूसही बदलू शकतो, एवढे या उदाहरणावरून दिसते.

५

मराठीत ग्राहक बदलला तो चित्रपटगृहात. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, हे या संदर्भात कळीचे नाव आहे. त्यांनी कोणत्याही कलाशाळेत शिक्षण घेतले नव्हते. बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. राजवाडा, उपवन, राजमार्ग यांचा दृष्टिभ्रम निर्माण करणे हे त्यांचे नित्याचे काम होते. यथातथ्य चित्रणाची ही लोकाभिमुख शाखा कलाशाळेइतकीच महत्त्वाची आहे. मराठी गावागावांत यथादर्शनाची ओळख प्रदर्शनातून झाली नाही, ती नाटकाच्या पडद्यातून झाली. आनंदरावांच्या मृत्यूनंतर बाबूरावांनी स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि 'सैरंध्री'ने १९२० मध्ये आरंभ केला. सुरुवातीचे विषय अर्थातच पौराणिक व ऐतिहासिक होते. दादासाहेब फाळके हेही जे. जे.मध्ये शिकलेले आणि रविवर्म्यांच्या छापखान्याशी संबंधित. त्यांच्या पहिल्या चित्रपटांचा विषयही पुराणच होता. पडदा बदलला तरी देव तेच राहिले होते.

१९२५ च्या 'सावकारी पाश'ने ही चौकट मोडली. कथा नारायण हरि आपटे यांची. सावकाराच्या कपटामुळे जमीन गमावलेला शेतकरी शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. सुप्याच्या उठावानंतर पन्नास वर्षांनी, 'शेतकऱ्याचा असूड'नंतर बेचाळीस वर्षांनी, कर्जात बुडालेला मराठी शेतकरी दृश्य कलेच्या केंद्रस्थानी आला. तो आणणारा हात चित्रकाराचा होता. माध्यम मात्र चित्रफलकाचे नव्हते. राजवाड्याचे पडदे रंगवून ज्याची नजर घडली त्याला झोपडीतला प्रकाश कसा पडतो हे नेमके ठाऊक होते. झोपडी दाखवण्यासाठी पैसे मोजणारा प्रेक्षक त्याला चित्रपटगृहात मिळाला. या चित्रपटाला व्यावसायिक यश बेताचेच लाभले, तरी बाबूरावांनी १९३६ मध्ये त्याच कथेवर बोलपट काढला. यावरून या विषयाशी त्यांची बांधिलकी किती खोल होती याची कल्पना येते.

कलाशाळेतील परंपरा या काळात निस्तेज झाली होती, असे नाही. आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची व्यक्तिचित्रे किंवा सावळाराम हळदणकर यांची जलरंगातील सिद्धी ही कोणत्याही देशाला भूषणावह ठरावी. हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' हे चित्र, हातातील दिव्याचा प्रकाश बोटांतून झिरपणारी ती तरुणी, आजही म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात प्रेक्षकाला थांबवते. पण त्या दिव्याचा प्रकाश त्या स्त्रीच्या चेहऱ्यापलीकडे जात नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने या परंपरेविरुद्ध बंड केले. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या आरंभीच्या चित्रांत गोव्यातील कष्टकरी माणूस होता; थोड्याच काळात हा गट रूपबंधाच्या प्रश्नाकडे वळला. यथातथ्य चित्रण त्यागले गेले; वास्तववादाची वाट, जी नुकतीच दिसू लागली होती, तीही त्याबरोबर मागे पडली.

६

प्रतिष्ठित कलेने टाकून दिलेले यथातथ्य चित्रण नियतकालिकांनी उचलून धरले. दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. रघुवीर मुळगावकरांची दिनदर्शिका व मुखपृष्ठे याच काळातली. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ ही मराठी मध्यमवर्गाची सर्वांत परिचित चित्रशाळा ठरली. अमेरिकेत हेच काम नॉर्मन रॉकवेलने केले. १९१६ ते १९६३ या काळात 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकासाठी त्याने तीनशेहून अधिक मुखपृष्ठे रंगवली. समाजाला आपण कसे आहोत यापेक्षा आपण कसे असावे असे वाटते, हे दोन्हीकडील मुखपृष्ठांनी नोंदवले.

मात्र रॉकवेलच्या बाबतीत एक वळण आले. काळी माणसे केवळ सेवकाच्या भूमिकेतच दाखवावीत, असा त्या साप्ताहिकाचा अलिखित दंडक होता. साप्ताहिक सोडल्यानंतर १९६४ मध्ये त्याने 'लुक' पाक्षिकासाठी एक चित्र काढले. गोऱ्यांच्या शाळेत निघालेली पांढऱ्या पोशाखातली लहान काळी मुलगी, तिच्या मागेपुढे चालणारे सरकारी अधिकारी, भिंतीवर फुटलेला टोमॅटो. रॉकवेलची शैली तीच गोड, गुळगुळीत आणि लोकप्रिय होती. माणूस बदलल्याबरोबर तिचा अर्थ पालटला. मराठी मुखपृष्ठाच्या वाट्याला असे वळण आले नाही. अंकाच्या आतील पानांत ग्रामीण व दलित कथा येत राहिल्या. १९४९ च्या 'माणदेशी माणसं'पासून १९६३ च्या 'जेव्हा मी जात चोरली होती'पर्यंत मराठी कथेने आपला परीघ किती वाढवला हे सर्वज्ञात आहे. मुखपृष्ठावर मात्र बहुतांशी तीच प्रसन्न, गौरवर्ण स्त्री राहिली. 'करमणूक'चा अंक आणि रविवर्म्यांची लक्ष्मी यांच्यातील जुना दुरावा आता एकाच अंकाच्या कव्हर आणि पानांमध्ये शिल्लक होता.

७

आता हा इतिहास मुंबई-पुणे-कोल्हापूर या त्रिकोणाबाहेरून पाहणे आवश्यक आहे. मौदा हे नागपूरच्या पूर्वेस, कन्हान नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. येथून पुढे भंडाऱ्याकडे जाताना धानाच्या बांध्या सुरू होतात आणि झाडीपट्टीची चाहूल लागते. अशा गावातील माणसाने तैलरंगातील मूळ चित्र सहसा पाहिलेले नसते. त्याची चित्रशाळा वेगळी: देवघरातील छापील तसबीर, दुकानातील दिनदर्शिका, धानाच्या हंगामानंतर होणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकातील रंगवलेले पडदे, आणि घराच्या दर्शनी भिंतीवरील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चित्र.

या शेवटच्या चित्राचा विचार कलासमीक्षेने फारसा केलेला नाही. निळा कोट, चष्मा, हातात ग्रंथ: हे रूप छायाचित्रावरून रंगचित्रात, रंगचित्रावरून छापील प्रतीत आणि पुतळ्यात गेले. संसदेच्या आवारात १९६७ मध्ये उभारलेला ब्रह्मेश वाघ यांचा पुतळा या रूपाचा एक प्रमाणभूत आविष्कार आहे. तंत्र पूर्णपणे यथातथ्य, कलाशाळेने रुजवलेलेच. परंतु येथे हुबेहूबपणाला एक नवे नैतिक वजन प्राप्त होते. ज्या समाजाला शतकानुशतके चित्रात जागा नव्हती, आणि जागा मिळाली तेव्हा धुरंधरांच्या टपालपत्रांप्रमाणे 'नमुना' म्हणून मिळाली, त्या समाजाच्या माणसाचे हे नाव असलेले, चेहरा असलेले चित्र आहे. कोटालाही येथे अर्थ आहे. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या माणसाचा पोशाख, कोणी काय नेसावे हे जातीवरून ठरवणाऱ्या व्यवस्थेला दिलेले उत्तर आहे. फुल्यांनी राजपुत्रासमोर शेतकऱ्याचा वेश केला. आंबेडकरांच्या अनुयायांनी कोट घातलेला आपला माणूस भिंतीवर लावला. दोन्ही कृतींत दृश्य रूप हाच युक्तिवाद आहे.

तरीही एक अडचण उरते. ज्या तंत्राने न पाहिलेली देवी खरी वाटू लागली, तेच तंत्र पाहिलेल्या माणसालाही देव्हाऱ्याकडे नेऊ शकते. राजकारणातील विभूतिपूजेविषयी स्वतः बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात जो इशारा दिला, तो या चित्रांच्या संदर्भातही लागू पडतो. महापुरुषाची प्रतिमा भिंतीवर आली. त्या भिंतीआड जगणाऱ्या माणसाचे जीवन चित्रात यावयाचे राहिलेच होते.

ते चित्रात आणण्याचा प्रश्न विदर्भाने आपल्या परीने हाताळला. मौद्यावरून जाणाऱ्या याच महामार्गावर भंडाऱ्यापलीकडे लाखनी आहे. भाऊ समर्थ यांचा जन्म तेथे १९२८ मध्ये झाला. १९९१ मध्ये निधन होईपर्यंत नागपूर ही त्यांची कर्मभूमी राहिली. हिंदी व मराठी साहित्यिकांच्या वर्तुळात वावरणाऱ्या, गजानन माधव मुक्तिबोधांशी स्नेह असलेल्या या चित्रकाराने 'चित्रकला और समाज' या नावाचे पुस्तक लिहावे, हे अर्थपूर्ण आहे. जो प्रश्न मुंबईच्या कलाजगताने रूपबंधाच्या चर्चेत मागे टाकला, तो येथे शीर्षकातच उभा होता.

पुढची पायरी नागपुरातच १९६१ मध्ये जन्मलेल्या सवी सावरकरांनी गाठली. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला पेशवाईतील अस्पृश्य हा त्यांच्या मुद्राचित्रांचा व रेखाटनांचा वारंवार येणारा विषय आहे. ही आकृती कोणत्याही अर्थाने हुबेहूब नाही. रेषा ओरबाडल्यासारखी, शरीर वाकलेले, चेहरा मुखवट्याच्या जवळ जाणारा. येथे अमेरिकन चित्रकलेतील एक समांतर आठवते. जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णीय चित्रकाराने १९४०-४१ मध्ये दक्षिणेकडून उत्तरेकडे झालेल्या काळ्या लोकांच्या स्थलांतरावर साठ लहान चित्रांची मालिका रंगवली. तीतही चेहरे जवळजवळ पुसलेले आहेत, सपाट रंगांचे तुकडे माणसांची जागा घेतात. टॅनरने आपल्या माणसांना प्रतिष्ठा देण्यासाठी अकादमिक तंत्राचा आधार घेतला. पन्नास वर्षांनी लॉरेन्सला तो आधार नकोसा झाला. यथातथ्य चित्रण माणसाला शांत बसवते आणि मग त्याच्याकडे पाहते. जो समाज कधी शांत बसू शकला नाही, ज्याच्याकडे नेहमी इतरांनीच पाहिले, त्याला ही बैठक आपली वाटेलच असे नाही. १९७२ मध्ये अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली तेव्हा नव्या कवितेने प्रमाणभाषेचे व्याकरण मोडले. सावरकरांच्या रेषेने प्रमाणशरीराचे व्याकरण मोडले. ग्रीक शिल्पाच्या प्रतिकृतीपासून सुरू झालेला एक प्रवास येथे उलट दिशेने पुरा होतो.

८

या विवेचनावरून यथातथ्य चित्रण आणि वास्तववाद यांचे वैर आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. 'सावकारी पाश' आणि रॉकवेलचे १९६४ चे चित्र यांत दोहोंची भेट झालेली आहे. ती भेट चित्रकाराच्या इच्छेने जितकी ठरते तितकीच चित्र कोणासाठी काढले जाते यावरून ठरते. मराठी समाजाने चित्रकाराला राजवाडा, देवघर, दिवाणखाना आणि मुखपृष्ठ या जागा दिल्या. ज्या सार्वजनिक भिंतीवर अस्वस्थ करणारे चित्र रोज समोर राहील, अशी भिंत त्याला क्वचितच दिली.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. मौद्याच्या धानपट्ट्यात आज एनटीपीसीच्या २,३२० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी उभी आहेत. १९३० मध्ये चार्ल्स शीलर या अमेरिकन चित्रकाराने फोर्डच्या रिव्हर रूज येथील कारखान्याचे चित्र काढले आणि त्याला 'अमेरिकन लँडस्केप' असे नाव दिले. धुराडे, पाणी, रेल्वेचे रूळ, सारे काटेकोर, स्वच्छ आणि हुबेहूब. हजारो कामगारांच्या त्या कारखान्याच्या चित्रात माणूस एकच आहे, रुळांवर, ठिपक्याएवढा. मौद्याचे निसर्गचित्र कोणी रंगवावयास घेतले तर धुराड्याची सावली बांधीवर किती लांब पडते हे त्याला कलाशाळेतील कोणीही शिकवू शकेल. त्या बांधीत चिखलणी करणारा माणूस किती मोठा काढावयाचा, हे मात्र त्याचे त्यालाच ठरवावे लागेल.